पाव सूर खाली

देवाने ही सृष्टी घाईघाईत जरा चढ्या सुरात निर्माण केली आणि मग ती दुरुस्त करायला पोलादपूरला हायवेच्या कडेला एक गॅरेजवाला नेमला, अशी माझ्या थोरल्या मेव्हण्यांची प्रामाणिक समजूत होती. एसटीचा हॉर्न चढा, देवळातली घंटा चढी, शाळेची घंटा तर इतकी चढी की त्यामुळेच पोरं नापास होतात म्हणे. आमच्याकडे जेवायला आले की माणूस निदान आमटीबद्दल एखादा शब्द बोलेल! छे. हे घास हातात धरून स्वयंपाकघराकडे कान लावणार आणि बहिणीला ओरडून सांगणार, "गो, तुजा मिक्सर चडा हाय, बदलून घे." सगळ्या दुनियेत सुरात असलेली वस्तू एकच, त्यांच्या वडिलांची पेटी. वडील त्या पेटीवर गावच्या भजनाला साथ करायचे. वडील गेले, पेटी राहिली आणि कोकणातले पावसाळे खाऊन खाऊन तिचे सूर हळूहळू उतरत गेले. मी महाडचा माणूस, मंडप आणि साऊंड सिस्टिमचा माझा धंदा. एकदा गुपचूप मशीन लावून पाहिलं, पेटी पाव सूर खाली होती. हे मी मेव्हण्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या मशीनकडे असं पाहिलं की ते बिचारं बंदच पडलं.

बरं, हा सुराचा एवढा सोस असलेला माणूस वाजवायचा काय? तर ड्रम! तिघा भावांचा बँड होता. मधला गायचा आणि गिटार वाजवायचा, धाकटा कीबोर्डवर आणि थोरले मागे ड्रमवर. सुरुवात केली ती गॅरेजातले ऑइलचे डबे बडवून. तिथून शाळेचं गॅदरिंग, मग हळदी, मग महाडच्या कॉलेजात कार्यक्रम, मग थेट महाबळेश्वरच्या हॉटेलात. गाणी त्यांची स्वतःचीच. आंबेनळी घाटात बंद पडलेल्या गाडीवरचं त्यांचं गाणं तर गावोगाव मोबाईलवर वाजत होतं. त्या गाण्याच्या व्हिडिओत तिघांच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर शाल पांघरलेली पेटी बसलेली दिसते. ती कोणी वाजवत नसे. कार्यक्रमाआधी थोरले तिचा एक सूर धरायचे आणि त्यावर गिटारच्या तारा, कीबोर्डचं बटण, सगळं उतरवून घ्यायचं, एवढंच तिचं काम. एकदा मी न राहवून म्हटलं, "अहो दादा, ड्रमला कुठे सूर लागतो? तुम्हाला कशाला ही उठाठेव?" तर म्हणाले, "ड्रमला नसंल लागत भावोजी, मला लागतो."

प्रवासात त्या पेटीचा थाट पाहिला की माझं डोकं फिरायचं. टेम्पो माझा, डिझेल माझं, पण पुढच्या सीटवर मानाने पेटी. धाकटा मागे स्पीकरच्या खोक्यात अंग चोरून बसलेला आणि थोरले ताडपत्री धरून उभे. घाटात धुकं आणि वरून संततधार, मला समोरचं वळण दिसत नाही, आणि मागून खिडकीवर टकटक. मला वाटलं दरड कोसळली की काय! थोरले ओरडत होते, "भावोजी, काच लावा, पेटीला गारटा लागंल!" आणि काच लावली की ती आतून वाफेने भरायची, मग एका हाताने पुसा आणि दुसऱ्या हाताने वळणं घ्या.

वरंधची हळद तर मी जन्मात विसरणार नाही. मांडवात निम्मा गाव नाचत होता, नवरीचा काका पगडी काढून ती गरागरा फिरवत होता, आणि मधल्याच्या गिटारची एक तार जराशी सरकली. कोणाच्या बापाला कळलं नसतं. थोरल्यांनी काठ्या खाली ठेवल्या, उठले, पेटीपाशी गेले आणि सूर धरून उभे राहिले. गाणं बंद. लोकांचे हात वरच्या वर. काका तणतणत आले, "अरे काय चाललाय काय? पावनी नाचतायत ना!" थोरले शांतपणे म्हणाले, "काका, पोरीची हळद येकदाच लागते. ती बेसूर नको." मंडळी आ वासून उभी राहिली, तार लागली आणि मग लोक जे नाचले ते असे, की माझा मांडव पडायचा राहिला. तेव्हा हसलो खरा, पण त्या दिवसापासून मला एक ठाऊक झालं. हा माणूस सुरासाठी भर कार्यक्रम थांबवेल, समोर कोण आहे ते बघणार नाही.

म्हणून महाडच्या त्या शनिवारची मी धास्ती घेतली होती. झालं होतं असं, की मुंबईचे एक संगीतकार त्या घाटाच्या गाण्यावर खूश होऊन त्यांचे दोन वादक, एक गिटारवाला आणि एक व्हायोलिनवाला, घेऊन आले. केसांची शेंडीवजा गाठ, बोलणं मात्र गोड. शनिवारी महाडला मोठा कार्यक्रम होता, त्यात आपले वादक यांच्याबरोबर बसवायचे आणि जमलं तर बँडला मुंबईत काम द्यायचं, असा बेत. गुरुवारी गॅरेजात तालीम झाली. पाहुण्या गिटारवाल्याने पहिली तार छेडली मात्र, मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज झाला. संगीतकारांनी खिशातून मशीन काढलं. म्हणाले, "दादा, तुम्ही सगळे पाव सूर खाली आहात." थोरले म्हणाले, "आमी खाली नाय. तुमी चडलाय."

संगीतकार हसले, पण मधला नाही हसला. त्याच्या पदरात दोन पोरं, बँडवर घर चालेना. त्याने सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "दादा, कुवेतचा माजा व्हिसा झालाय. शनवारी जमला तर मी हितंच. नाय जमला तर मी चाललो, मग वाजवत बसा दोगं." थोरल्यांनी समोरच्या बाईकचा प्लग काढून पुसायला घेतला. तो स्वच्छ झाला तरी पुसतच राहिले. अहो, आई आणि हे दोघे भाऊ सोडले तर त्यांना दुसरं होतं काय? लग्न केलं नाही. दोघा भावांना शिकवलं, एकाला गिटार, दुसऱ्याला कीबोर्ड घेऊन दिला. स्टेजवर ते तिघे एकत्र बसायचे तेवढा वेळ त्या माणसाचा संसार होता, आणि तो मोडायला आला होता.

त्यानंतर भावाभावांत अबोला. निरोप माझ्यामार्फत. "त्याला सांगा काळा शर्ट घाल." "त्यांना सांगा मला कळतं." मी काय टपाल खातं उघडलं होतं? घरी बायको डोळ्याला पदर लावून बसलेली. "अहो, तुम्ही समजवा ना दादाला." आता ज्याला साक्षात ब्रह्मदेव समजावू शकला नाही त्याला मी काय समजावणार, कपाळ! तरी शुक्रवारी गेलो. म्हटलं, "दादा, एक दिवस वरचा सूर घ्या. पेटी काही पळून जात नाही." ते म्हणाले, "भावोजी, बाबा गेलं तवा ही दोगं लहान व्हती. रातची रडायची. मी पेटीचा सूर धरायचो न् ती झोपायची. त्यो सूर चुकीचा हाय आसा आता मी सांगू त्यांना?" चहा घेतला आणि परत आलो.

शनिवार उजाडला. संध्याकाळी मैदान माणसांनी फुललेलं. मी साऊंडच्या मिक्सरमागे वायरी तपासत होतो, तर दिसलं काय, माझ्या टेम्पोच्या आडोशाला मधला आणि धाकटा मोबाईलवर सूर लावून वाद्यं वर चढवतायत! चोरून! मी दिसताच धाकट्याने हात जोडले. "भावोजी, दादाला बोलू नका. स्टेजवर सगल्यांसमोर नाय थांबवनार तो." नाही थांबवणार? अरे, वरंधच्या हळदीत मी होतो की! सांगावं तर दादा आत्ताच घरी जातील, न सांगावं तर भर मैदानात तमाशा. तेवढ्यात निवेदकाने नाव पुकारलंसुद्धा.

थोरले आले. खुर्ची मांडली, पेटी ठेवली, नेहमीसारखा सूर धरला. मधल्याने तारांना हात लावल्यासारखं केलं आणि मान डोलावली. खोटी मान. थोरले ड्रममागे जाऊन बसले. पाहुणे वादक तयार, पहिल्या रांगेत संगीतकार पायावर पाय टाकून. मधल्याने पहिली तार छेडली आणि थोरल्यांच्या काठ्या हवेतच थांबल्या.

लोकांना वाटलं हा स्टाईलचा भाग असेल, त्यांनी शिट्ट्या मारल्या. मधल्याची पाठ ताठ झाली, पण त्याने वळून पाहिलं नाही. धाकटा कीबोर्डकडे बघत राहिला. माझं बोट बटणावर, म्हटलं काही बोलले तर आवाज बंद करू. थोरले उठले. सावकाश चालत पेटीपाशी आले. आता हे माईकसमोर पेटी वाजवणार आणि भावांना चारचौघांत खोटं पाडणार, असं वाटून मी बटण दाबायच्या बेतात आलो. त्यांनी पेटीवर हात ठेवला. तसेच उभे राहिले. मग भाता लावून टाकला, शाल ओढून पेटी पुरी झाकली, झोपलेल्या पोराच्या तोंडावर उजेड येऊ नये म्हणून पांघरूण सारखं करावं तशी. मागे येऊन बसले आणि म्हणाले, "घे रे. तुज्या सुरात घे." काठ्या वाजल्या.

काय वाजवलं महाराजा! मी आयुष्यभर साऊंड लावला, पण तसा कार्यक्रम पुन्हा ऐकला नाही. पाहुण्यांचं व्हायोलिन आमच्या गिटारला असं मिळालं, जसं काही एकाच आईच्या पोटी जन्मलं. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. मधला गाता गाता रडत होता. मला वाटलं, सुटलो बुवा, जमलं! कुवेत गेलं चुलीत!

कार्यक्रम संपल्यावर संगीतकार स्टेजमागे आले आणि दोघांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सोमवारपासून मुंबई. तुम्ही दोघं आता कोणाबरोबरही वाजवू शकता." दोघं. मी विचारलं, "आणि दादा?" तर म्हणाले, "ड्रम आम्ही कॉम्प्युटरवर करतो." अस्सा राग आला मला! अरे, ज्या माणसाने भाऊ जवळ राहावेत म्हणून बापाचा सूर झाकला, त्यालाच तेवढं मागे ठेवता? मधला म्हणाला, "दादाशिवाय नाय जानार." खरंच म्हणाला, मी साक्षीदार आहे. थोरल्यांनी त्याला गप्प केलं. संगीतकारांना एवढंच विचारलं, "पोरांची जेवायची सोय काय? धाकट्याला वांगा चालत नाय."

दोघं मुंबईला गेले. बरं चाललंय त्यांचं, देव करो आणि असंच चालो. थोरले गॅरेजात. ड्रम पत्र्यांनी झाकलेले. मी अधूनमधून जातो, माझ्या टेम्पोला काही झालेलं नसतं तरी काहीतरी झालंय म्हणून सांगतो. ते बॉनेट उघडतात, इंजिन ऐकतात, "काय नाय झाला भावोजी" म्हणतात आणि आम्ही चहा पितो. शिमग्याच्या आधी मात्र ते पेटी घेऊन माझ्याकडे महाडला आले. बाजारात पेट्या दुरुस्त करणारे एक चाचा आहेत, त्यांच्याकडे गेलो. थोरले म्हणाले, "पाव सूर वर घ्या." चाचांनी पट्ट्या वाजवून पाहिल्या आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "आतल्या पितळी जिभा घासाव्या लागतील. मग हा आताचा आवाज तुम्हाला परत गावायचा नाय. बघा बाबा, विचार करा." मी थोरल्यांचा हात धरला. म्हटलं, "दादा, राहू दे. बाबांचा सूर आहे." ते म्हणाले, "पोरा येतायत शिमग्याला. त्यांची गिटार आता वरच्या सुरात असते. घरात वाजवायला बसली न् पेटी जुळली नाय तर पोरांना परक्यावानी वाटंल." चाचांनी कानस हातात घेतली. थोरले बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

शिमग्याला दोघं आले. अंगणात बसून वाजवलं. थोरल्यांनी पेटी धरली, गिटार तंतोतंत जुळली, आम्ही सगळे ऐकत होतो. तिघांची आई दारात बसली होती. बराच वेळ ऐकून ती म्हणाली, "रं, ही यांची पेटी नाय वाटत. यांची अशी नाय वाजायची."

मधल्याचा हात थांबला. थोरल्यांनी भाता चालूच ठेवला आणि वर न बघता म्हणाले, "आये, पोरा आली ना घरी? झाला तर मग."