चंद्रीचा पान्हा

मुरुम गावच्या मथुराबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन दोनदा हुकलं, ते चंद्री म्हशीपायी. रेडकू दगावल्यापासून चंद्री मथुराबाईंशिवाय कुणाला थेंब देत नव्हती, आणि एक दिवस धार राहिली की कास दगडासारखी व्हायची. उमरग्याच्या डॉक्टरनं आता सोमवारची शेवटची तारीख दिली होती. डोळ्यांची गत अशी, की परवा दारातल्या पोत्याला मथुराबाईंनी "बसा की, च्या ठेवते," म्हणून सांगितलं होतं.

सून महानंदा सासूचं लुगडं नेसून धारेला बसली. चंद्रीनं कासंडी लाथेनं उडवली.

नात हर्षाली कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती. ती म्हणाली, "आजे, आमच्या पुस्तकात एक कुत्रं हाय. घंटा वाजली की त्याला खायाला द्यायचे. मग नुसत्या घंटेनंच लाळ गळाय लागली. त्याला अभिसंधान म्हणतात. चंद्रीची घंटा कोणती, ते हुडकू."

"त्या कुत्र्याला शेवटी भाकर दिली का न्हाई मेल्यांनी?" मथुराबाईंना तेवढीच काळजी.

दोन दिवस हर्षाली वही घेऊन गोठ्याच्या कुडाआड गुपचूप बसली. रविवारी दुपारी म्हणाली, "सापडली. आजे, तू कास धुताना आईची गाऱ्हाणी सांगतीस. तू गप असलीस की चंद्री पान्हा चोरती. 'सूनबाईला भाजीत मीठ कळंना' सुरू झालं, की सोडती."

महानंदा परातीत पीठ मळत होती, तिचा हात थांबला. मथुराबाईंचे कान तापले. त्यांची सासू त्यांचं उणं हापशावर चार बायकांत काढायची. आपण सुनेचं कुणा माणसाजवळ बोलायचं नाही, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. म्हशीचं काही ठरलं नव्हतं.

"मग मी माझीच गाऱ्हाणी सांगू व्हय?" महानंदानं विचारलं.

"शब्दाचं काय न्हाई, सूर पायजे. आजीची सांग."

"मला न्हाई जमायचं बाई." एकोणीस वर्षांत महानंदा सासूपुढं मोठ्यानं बोलली नव्हती.

"बघ आजे," हर्षाली म्हणाली, "सुनेनं गप ऱ्हायाचं हे आईला कुणी शिकवलं न्हाई, बघून बघून आलं. समाजशास्त्रात त्याला सामाजीकरण म्हणतात."

"म्हणू देत. महानंदे, तू सांग माझी गाऱ्हाणी. मी घरात जाते." संध्याकाळी महानंदा धारेला बसली तशा मथुराबाई गेल्या, पण कुडाच्या पलीकडंपर्यंतच.

आधी नुसती चंद्रीच्या खुरांची आपटआपट. मग महानंदा पुटपुटली, "चंद्रे, आत्याबाई साखरेचा डबा लपवत्यात." काही नाही. मग आवाज चढला. "आन् कुठं लपवला ते इसरत्यात! माझ्या च्याला पाणचट म्हणत्यात, पर कपात थेंब ठेवत न्हाईत!"

कासंडीत चुर्र वाजलं.

मथुराबाईंनी तोंडाला पदर लावला. चहाचं खरंच होतं. पण निम्म्यात महानंदाची गाऱ्हाणी सरली आणि धार बारीक झाली. मथुराबाईंना राहवेना.

"अगं, थांबू नगंस! दिवाळीच्या साडीचं सांग की!"

"तेच सांगणार हुते, आत्याबाई!" महानंदा ओरडली, आणि धार पुन्हा लागली.

मंगळवारी दवाखान्यातून डोळ्याला पट्टी बांधलेल्या मथुराबाईंनी हर्षालीकरवी घरी फोन लावला.

"किती निघालं गं सकाळी?"

"चार लिटर, आत्याबाई."

मथुराबाईंच्या हाताला साडेतीनच्या वर कधी निघालं नव्हतं.

"लई सांगितलंस म्हणायचं," त्या म्हणाल्या.