डोहातल्या मरळीची पिल्लं

कापसाले सोन्याचा भाव आला होता, त्या साली उन्हाळ्यात मी पहिल्यांदा बाळंत झाली. आमी भोई. पूर्णेच्या काठी आमचं घर, अन् घरासमोरच्या डोहाची राखण माह्या सासऱ्याकडे. होळी झाली की त्या डोहात जाळं नाई टाकायचं, थेट पहिला पूर जाईपर्यंत. उन्हाळ्यात नदी आटते, तवा साऱ्या मासोळ्या तिथंच येऊन बसतात. तेच पुढच्या सालचं बियाणं. काठावर शेंदूर लावलेल्या साती आसरा, पाण्याच्या देव्या, होत्या, त्याईची आण होती.

पण त्या साली पैसा लोकाईच्या डोक्यात गेला होता. अमरावतीच्या बाजाराले जाणाऱ्या कापसाच्या गाड्या आमच्याच उतारावरून नदी ओलांडून जायच्या. गाडीवाल्याईले रोज कालवणाले मासोळी पाहिजे, अन् मागाल ते दाम देत. वरच्या गावच्या भोयाईनं आसराईकडे पाठ फिरवली अन् आपला डोह पार खरवडून काढला. माह्या नवऱ्याच्याही तोंडाले पाणी सुटलं. सासरे त्याले म्हणाले, "कास्तकार सारी सरकी इकून खाईन, तं पेरन काय? तुह्यं डोकं?" नवऱ्यानं जाळं परत खुंटीले टांगलं.

इकडे मले दूध येईना. लेकरू रडून रडून निळं पडे. शेळीचं दूध पाजलं तं ओकून टाके. सुईण म्हणाली, "इले मरळीचा रस्सा पाजा, पान्हा फुटते." आता वैशाखात मरळ आणायची कुठून? साऱ्या नदीत जागा एकच उरली होती.

सासरे पहाटे गळ घेऊन डोहावर गेले. मी खाटेवरून वाट पाहून राहिली होती. परत आले तं हात रिकामे.

"मरळ दिसली," ते म्हणाले. "पण तिच्या संगं लाल लाल पिल्लाईचा थवा होता. तिले काढलं असतं तं बाकीच्या मासोळ्याईनं घडीभरात सारी गिळली असती."

माहं टाळकंच सरकलं. सासऱ्यासमोर मान वर न करणारी मी, पण त्या दिवशी तोंड सोडलं. "मासोळीची लेकरं दिसली तुमाले? अन् हे घरातलं नाई दिसलं?" म्हातारा खाली मान घालून उभा राहिला. डोळ्यातून पाणी गळून राहिलं होतं, पण मले त्याची कीव नाई आली. खरं सांगू? आताही पुरती येत नाई.

लेकरू वाचलं ते एका कास्तकाराच्या बायकोमुळं. ती नदीवर धुणं धुवाले आली होती, रडणं ऐकलं अन् तशीच ओल्या लुगड्यानं घरात शिरली. तिचंही तान्हं होतं. "आण वं इकडं, मले दोघाईपुरतं हाये," म्हणाली अन् माह्या लेकराले पदराखाली घेतलं. मंग रोज येत गेली. देव तिचं भलं करो.

सासऱ्याशी मी बोलणंच टाकलं. ताट वाढायची अन् उठून जायची.

पूर येऊन गेला. श्रावणात वरच्या गावचे भोई आमच्या दारात उभे. त्याईच्या डोहात नुसती बेडकं ओरडत, मासोळी नावाले नाई. "बापा, थोडं बियाणं द्या," म्हणाले. मरळीची ती पिल्लं आता बोटाएवढी झाली होती.

सासऱ्यानं माह्याकडे पाह्यलं. "मी कसा देऊ? इच्या लेकराच्या तोंडचं हाये ते. इले इचारा."

मी लेकराले नवऱ्याजवळ देलं, घागर उचलली अन् काठच्या उथळ पाण्यात उतरली. पदर पसरून पिल्लं धरली. कशी वळवळत होती! घागर भरून त्याईच्या हातात देली.

"न्या," म्हटलं. "पण वैशाखात जाळं टाकलं तं याद राखा. ही पिल्लं फुकट नाई वाढली."

मंग मागं वळली.

"चला मामाजी, जेवाले चला."