निकालाआधीचा फ्लेक्स

माझ्या मैत्रिणीच्या आईनं लेकीच्या अभिनंदनाचा बॅनर घराच्या फाटकावर लावला, तेव्हा लेकीची परीक्षा अजून व्हायची होती.

बॅनरचा फोटो तिनं मला डचच्या वर्गाबाहेर, सायकलचं कुलूप काढता काढता दाखवला. फिलिपिन्समधल्या एका लहान गावातलं हिरवं लोखंडी फाटक. त्यावर फाटकाहूनही रुंद बॅनर. बॅनरवर पदवीदानाच्या टोपीतली ती, मागे पवनचक्की आणि भरपूर ट्यूलिप. वर ठळक अक्षरांत अभिनंदन, खाली 'नेदरलँड्समध्ये नर्स झालेली आपल्या गावातली पहिली मुलगी'. फोटो तिच्या भावानं पाठवला होता.

"अगं, पण परीक्षा कधी झाली तुझी?" मी विचारलं.

"नाही झाली. आईला माहीत आहे की." तिनं फोन खिशात टाकला. "पण गावची जत्रा रविवारी आहे ना, आते. सगळं गाव आमच्या फाटकावरून चर्चला जातं. आई म्हणते, तू पास होणारच आहेस, मग जत्रा कशाला वाया घालवायची?"

आते म्हणजे त्यांच्याकडची ताई. मी तिच्याहून पाचसहा वर्षांनी मोठी, म्हणून पहिल्याच दिवशी तिनं मला आते करून टाकलं होतं. मी तिला 'बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी' ही म्हण इंग्रजीत समजावून सांगायला गेले. तूर म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली आणि भटणीपर्यंत पोचेतो ट्राम स्टॉप आला. पण तिला समजली असावी. ती इतकी हसली की सायकल धरायला मला पुढे व्हावं लागलं.

हसण्यासारखं त्यात खरं तर काही नव्हतं. ती तिकडे शिकलेली नर्स. तिथल्या इस्पितळात आठ वर्षं शस्त्रक्रियेच्या वॉर्डात काम केलेली. डच माणसाशी लग्न करून इथे आली आणि इथल्या बुइटनव्हेल्डर्ट भागातल्या एका वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून लागली. आजीआजोबांना उठवायचं, अंघोळ घालायची, भरवायचं. इंजेक्शनची वेळ झाली की बाजूला व्हायचं आणि दुसऱ्या कुणाला तरी हाक मारायची, कारण इथे नर्स म्हणून तिची नोंद नव्हती. ती हवी तर भाषेची वरची परीक्षा आणि नर्सिंगची चाचणी, दोन्ही पास व्हायला हव्यात. नर्सिंगची तिला धास्ती नव्हती. भाषेची होती. तिनं हे सगळं मला सांगितलं तेव्हा आवाज अगदी साधा होता. "हाक मारायची सवय झाली आहे," एवढंच ती म्हणाली, आणि मला तिच्याऐवजी राग आला.

मी त्या वर्गात होते ते माझ्या कारणानं. मी सॉफ्टवेअरमधली. ऑफिसात इंग्रजीवर भागतं, पण हुइसआर्ट्सकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे, आणि मुलीच्या शाळेत माझी पार फजिती व्हायची. माझी मुलगी मी मराठीत विचारलेल्याला डचमध्ये उत्तर देते आणि वर उच्चार सुधारते. म्हटलं शिकू एकदाचं.

आमचे शिक्षक निवृत्त शाळामास्तर. त्यांनी एकदा प्रत्येकाला पाच मिनिटं बोलायला लावलं. विषय, आपल्या देशातलं पहिलं काहीतरी. मला वाटलं, चला, हा तर आपला हातखंडा! लहानपणी कराडच्या शाळेत सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत मी दरवर्षी बक्षीस मारायचे. भारतातली पहिली शिक्षिका, पहिली डॉक्टर, पहिली वैमानिक, पहिली रेल्वे, सगळं तोंडपाठ. आपल्याकडे पहिल्या माणसाला फार मान. दुसऱ्याला पुस्तकात जागाच नसते.

आणि मग ही माझी मैत्रीण बोलायला उभी राहिली आणि मला कळलं की हे वेड आपल्या एकट्यांचं नाही. आशियातलं पहिलं प्रजासत्ताक आमचं, आशियातली पहिली महिला राष्ट्राध्यक्ष आमची, असं तिनं धडाधड सुरू केलं. त्यांच्या देशाला ऑलिंपिकचं पहिलं सुवर्ण अगदी अलीकडे मिळालं, तेही एका वेटलिफ्टर बाईमुळे. हे सांगताना तिनं दोन्ही हात डोक्यावर नेऊन अदृश्य वजन उचललं. पुढे बायकांच्या मताधिकाराची गोष्ट आली. पुरुषांनी म्हणे अट घातली होती, आधी बायकांचंच मतदान घेऊ आणि पुरेशा बायका 'हो' म्हणाल्या तरच हक्क देऊ. बायका इतक्या आल्या की अट घालणारे बघत राहिले. वर्गातल्या एका तुर्की बाईनं बाक वाजवला.

शेवटी ती तिच्या आवडत्या माणसाबद्दल बोलली. पृथ्वीला पहिली फेरी घालायला निघालेल्या जहाजांवर कप्तानाचा एक गुलाम होता, दुभाष्या. कप्तानानं त्याला पूर्वेकडून विकत घेऊन युरोपात नेलेलं. जहाजं पश्चिमेकडे जात जात तिच्या देशाच्या बेटांशी पोचली, तेव्हा किनाऱ्यावरच्या लोकांशी तो बोलला आणि त्यांना ते समजलं. कप्तान त्याच बेटांवर लढाईत मारला गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी हा दुभाष्या नाहीसा झाला.

"तो जर पुढे स्वतःच्या घरी पोचला असेल," ती अडखळत डचमध्ये म्हणाली, "तर पृथ्वीला फेरी घालणारा पहिला माणूस तो. आमच्याकडे म्हणतात तो आमचा होता, शेजारी म्हणतात त्यांचा. पण घरी पोचला का, हे कुणीच लिहून ठेवलं नाही."

मास्तरांनी क्रियापदाची एक चूक सुधारली आणि म्हणाले, छान. मी मात्र घरी जाईपर्यंत त्या दुभाष्याचाच विचार करत होते. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, आणि पहिलं कोण हे ठरवायला घरी पोचल्याची खबर लागते, हेही मला कधी सुचलं नव्हतं.

बॅनरची गंमत मास्तरांनाही कळली. तेव्हा जून होता. मुलांचे शाळेचे निकाल लागले होते आणि इथल्या पद्धतीप्रमाणे पास झालेल्यांच्या घरांवर झेंडा आणि झेंड्याच्या काठीला जुनं दप्तर टांगलेलं दिसत होतं. मास्तर म्हणाले, "आमच्याकडे आधी शाळेचा फोन येतो, मग दप्तर वर जातं." ते चेष्टेनं म्हणाले, पण ती कानापर्यंत लाल झाली.

मला तिची बाजू घ्यावीशी वाटली, कारण माझ्या बाबांनीही मला व्हिसा मिळाल्यावर चौकात फ्लेक्स लावला होता. परदेशी जाणारी गल्लीतली पहिली मुलगी. गल्लीतल्या डॉक्टरांची मुलगी माझ्या आधीच लंडनला गेली होती. हे मी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "ती डॉक्टरांची. आपल्यातली पहिली तूच." फ्लेक्सवर माझ्यापेक्षा नगरसेवकांचा फोटो मोठा होता. मी लाजेनं दोन दिवस चौकातून गेले नाही. हे सगळं मी वर्गात सांगितलं आणि लोक हसले, आणि तिची सुटका झाली.

परीक्षेत ती नापास झाली. वाचन, लेखन, ऐकणं तिन्हीत पास, बोलण्यात नापास.

का, ते आम्हाला नंतर उमगलं. बोलण्याच्या परीक्षेत एक प्रसंग देतात आणि तुम्ही उत्तर द्यायचं. तिला आलेला प्रसंग असा, की पेशंटचा मुलगा भेटीची वेळ संपल्यावरही थांबायचं म्हणतो, त्याला तुम्ही नकार द्या. आणि हिला नकारच देता येईना! तिच्या गावात समोरच्याला तोंडावर 'नाही' म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. तिनं गोड आवाजात त्याची विचारपूस केली, तुमची काळजी मला समजते म्हणाली, बघते काय करता येईल म्हणाली. सगळी वाक्यं बिनचूक, फक्त नकार तेवढा राहिला. मला तिच्यावर हसायचा हक्क नव्हता. आपण तरी कुठे नाही म्हणतो? 'बघू', 'कळवते', 'जमवू काहीतरी', यांवर माझी अर्धी नोकरी चालली आहे.

निकाल कळला त्याच दिवशी तिनं आईला फोन करून बॅनर काढायला सांगितलं. माझ्याच स्वयंपाकघरात बसून. मला त्यांच्या भाषेतलं काही कळत नव्हतं, पण आईचा आवाज खणखणीत होता आणि लेकीचा बारीक होत गेला. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणाली?

"म्हणाली, नाही काढणार. गावातून त्या परीक्षेला बसलेली पहिली तूच आणि नापास झालेली पहिलीही तूच. राहू दे बॅनर."

"म्हणजे तुमच्या घरात नाही म्हणता येणारं माणूस आहे एक," मी म्हटलं. तिला हसू आलं नाही. ती डोळे पुसत पोह्यांतले शेंगदाणे वेचून खात बसली.

तेव्हापासून रविवारी सकाळी ती माझ्याकडे यायची आणि नकाराच्या सरावासाठी मी तिच्याकडे डचमध्ये काही ना काही मागायचे. मी कधी पेशंटचा मुलगा, कधी सुट्टी मागणारी सहकारी, कधी आगाऊ गोळ्या हव्या असलेला म्हातारा. ती यायची ते तांदळाच्या शेवयांचा, त्यांच्या पान्सितचा, डबा घेऊन. तो मी चकल्या घालून परत द्यायचे. रिकामा डबा परत करायची त्यांच्याकडेही पद्धत नाही. पहिले काही रविवार ती मला सगळं देऊन टाकत होती. मी चिडायचे. "अगं, दिलीस ना त्याला गोळी! मेला तो म्हातारा!" माझी मुलगी आतून ओरडायची, "आई, वर्कवूर्डची जागा चुकली." क्रियापदाची जागा माझी चुकलेली असायची, तिची नाही.

सप्टेंबरात तिनं खिडकीत नाताळची चांदणी लावली, कारण त्यांच्याकडे नाताळ सप्टेंबरातच सुरू होतो. नोव्हेंबरात तिच्या गावावर वादळ आलं. भावानं छपराचे पत्रे दोरांनी बांधले आणि बॅनर उतरवून ठेवला. वादळ गेल्यावर आईनं पत्र्यांच्या आधी बॅनर परत चढवायला लावला. हे ऐकून मैत्रीण म्हणाली, "माझी आई दगड आहे, आते. तिला काही वाटतच नाही. लाज फक्त मला." मीही मान डोलावली. मला त्या म्हातारीचा आता रागच यायला लागला होता. लेक इथे झुरते आहे आणि हिला मिरवायची पडली आहे. काही महिन्यांनी पुन्हा जत्रा येणार होती. तेव्हाही गाव त्याच फाटकावरून जाणार होतं.

थंडीच्या शेवटी तिनं नर्सिंगची चाचणी दिली आणि भाषेची परीक्षा पुन्हा दिली. बाहेर आली तेव्हा एवढंच म्हणाली, "कुणीतरी माझ्याकडे किल्ल्या मागितल्या. मी नाही म्हटलं. कारणसुद्धा नाही दिलं."

निकालाची ईमेल आली तो रविवार होता. ती माझ्या ओट्याशी उभी राहून वाचत होती आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. पास. मग नर्सिंगच्या चाचणीचा निकाल उघडला. तोही पास. मी तिला मिठी मारली, हाताला लागलेल्या पिठासकट. तिनं आईला व्हिडिओ कॉल लावला.

आई फाटकाजवळच्या बाकावर बसली होती. पहिल्यांदाच मी तिला नीट पाहिलं. लहानशी, पांढऱ्या केसांची, ओठ घट्ट मिटलेली बाई. लेकीनं दोनच शब्द सांगितले. मला वाटलं, आता म्हणेल, मी सांगितलं नव्हतं का. पण फोन तिच्या हातातून खाली गेला असावा, कारण पडद्यावर नुसतं आकाश आणि एक विजेची तार दिसायला लागली, आणि रडणं ऐकू आलं. भाऊ धावत आल्याचा आवाज झाला. बराच वेळ कुणी फोन उचलला नाही. इकडे माझी मैत्रीण आई, आई करत होती.

मग म्हातारी परत पडद्यावर आली आणि भराभर काहीतरी सांगू लागली. लेक ऐकता ऐकता खाली फरशीवरच बसली. तिनं मला सांगितलं ते मी तसंच लिहिते आहे.

आई म्हणत होती, "तू नापास झालीस त्या दिवसापासून मी फाटकातून जाताना मान वर केली नाही. बॅनर काढला असता तर तुला वाटलं असतं, आईनंही आशा सोडली. म्हणून ठेवला. पण बघवत नव्हता. लोक विचारायचे, मी हसायचे आणि खाली बघत निघून जायचे."

मग तिनं नाक पुसलं, बाकावरून उठली आणि फोन हातात धरून फाटकाबाहेर रस्त्यावर गेली. आम्हाला तिची हनुवटी दिसत होती आणि वर केलेली मान.

"फोटो चांगला आलाय गं तुझा," ती म्हणाली.