थाळी वाजली की बसायचं

निंबोल्याच्या केळीच्या बागा ज्यानं आतून पाहिल्या नाहीत, त्याला हिरवा अंधार काय असतो ते सांगून कळायचं नाही. बाहेर ऊन रखरखत असतं आणि चार ओळी आत शिरलं की माणूस माणसाला दिसत नाही. वर पानांवर पानं, पायाखाली वाळल्या पानांचा थर, आणि मुरलेल्या पाण्याचा गार वास. आम्हाला या बागांचा मोठा अभिमान. तापीकाठचं हे केळं ट्रकात बसून कुठल्या कुठे जातं. धुरपदाबाईला मात्र बागांची भीती वाटायची, आणि ती भीती तिनं कधी लपवली नाही.

त्या भीतीचं कारण तिच्या मुलाच्या, मधुकरच्या पायात होतं. तो तान्हा असताना ती त्याला बांधावर निजवून निंदणीला जायची. ऊन लागू नये म्हणून त्याच्यावर केळीची वाळली पानं पांघरायची. तेव्हा सगळ्याच बाया तसं करत. एका दुपारी गाडीवानाला वाटलं, पानांचा ढीग आहे. त्यानं बैलगाडी वरून नेली. पोर वाचलं, पाऊल चिरडलं. मधुकर आता बुऱ्हाणपुरात कापडाच्या लूमवर आहे, एका पायावर भार देऊन दिवसभर उभा राहतो.

म्हणून बुऱ्हाणपूरच्या एका सेवा मंडळानं निंबोल्यात पाळणाघर काढलं, तेव्हा पोरं सांभाळायला धुरपदाबाई आपण होऊन गेली. मंडळाचे सचिव प्रभाकर सर, निवृत्त मास्तर. केळी भरायचं एक रिकामं पत्र्याचं शेड त्यांनी मिळवलं, मातीनं सारवून घेतलं, आणि बागेत जाणाऱ्या बायांची लेकरं तिथं राहू लागली. सकाळी आया सोडून जात, दिवस कलला की घेऊन जात. मधल्या वेळात तिथं काय चालतं ते कुठल्या आईनं पाहिलं नव्हतं. त्या वेळी आया बागेत असत.

तिथं धुरपदाबाईची थाळी चाले. खिचडीचं पातेलं उतरलं की पोरं त्याच्याभोवती गर्दी करायची, आणि एकदा एका पोरीचा हात भाजता भाजता राहिला. तेव्हापासून तिनं नियम केला. थाळी वाजली की जो जिथं असेल तिथंच मांडी घालून बसायचं. हात मांडीवर, तोंड बंद. ताटली ती स्वतः समोर आणून ठेवणार. सगळ्यांचं खाणं झालं की ती "हात धुवा" म्हणून हाक देणार, तेव्हाच उठायचं.

वाटेनं जाणारा म्हातारा कौतिक थांबून हसायचा. "धुरपदे, पोरं सांभाळते का पलटण व?"

"पलटणच हाय बाबा. तुमच्या घरात तुमचं एवढं ऐकते का कोणी?"

अशी मजेत वर्षं गेली. मग वरून नवा नियम आला.

प्रभाकर सर त्या दिवशी बसनं आले आणि पालथ्या क्रेटवर बसले.  चष्मा पुसत म्हणाले, "बाई, आता पत्र्याच्या शेडात मुलं ठेवता येणार नाहीत. पाळणाघर पक्क्या खोलीत पाहिजे, अंगणवाडीला जोडून."

"मग खोली द्या म्हणा."

"खोली मंजूर आहे. बांधायची राहिली आहे."

"आणि तोवर पोरं?"

 सर खकनारच्या कचेरीत जाऊन आले, जिल्ह्याच्या कचेरीत दोनदा बसून आले, मंडळाची बैठक झाली. अधिकारी वाईट बोलत नव्हते. पत्रा तापतो, आग लागली तर काय, असं ते विचारत, आणि ते खोटं नव्हतं. नियम मोडला तर मंडळाची मान्यताच जाईल आणि बाकीच्या गावांतली कामंही बुडतील, ही सरांची भीती. त्यांनी स्वतःच्या हातानं शेडला कुलूप लावलं. लावताना धुरपदाबाईकडे पाहिलं नाही.

ती एवढंच म्हणाली, "सर, पोरं आता बागेत जातील."

आणि पोरं बागेत गेली.

धुरपदाबाईची झोप उडाली. ती दिवसभर बांधाबांधानं फिरायची, पोरं दिसतात का पाहायची. तशात खकनारकडून बातमी आली की बिबट्यानं शेळी नेली. निंबोल्यात ओढ्याच्या चिखलात कुणाला पंजांचे ठसे दिसले. कुत्र्याचे असतील, असं लोक म्हणाले, आणि तरी सगळे लवकर घरी जाऊ लागले.

पूर्णिमा ही त्या बायांतली एक. तिची निशा तीन वर्षांची, पायाला भिंगरी. त्या दिवशी पूर्णिमानं तिच्या कमरेला ओढणी गुंडाळून दुसरं टोक केळीच्या खोडाला बांधलं आणि ती पुढच्या ओळीत खोडांशी फुटलेली पिलं कापायला गेली. काम संपवून आली तेव्हा खोडाला नुसती ओढणी लोंबत होती.

दिवेलागणीला अजून थोडा अवकाश होता, पण बागेत अंधार उतरला होता.

पूर्णिमाची किंकाळी ऐकून शेजारच्या मळ्यातली माणसं धावली. नीलेश, त्या बागेच्या मालकाचा मुलगा, मोबाइलचा उजेड पाडत ओळीओळीनं पळत सुटला. "निशा! ए निशा! कहाँ है बेटा?" बाया तिचं नाव घेऊन ओरडत होत्या. बाग सगळं गिळत होती. कुठूनही रडणं नाही, हुंकार नाही.

धुरपदाबाई घरून थाळी आणि पळी घेऊन आली.  "सरका. माझी थाळी ओळखते ती."

तिनं थाळी बडवली. ठण् ठण् ठण्. आवाज बागेत शिरला. सगळे कान देऊन उभे राहिले. काही नाही. ती पुढं सरकली, पुन्हा बडवली. काही नाही. वाऱ्यानं एक पान फाटलं, तेवढाच आवाज.

बागेच्या टोकाला कठडा नसलेली विहीर होती. कौतिकबाबा कुणाला न सांगता तिकडे गेला होता, हातात विहिरीत पडलेली बादली काढायचा लोखंडी गळ. दोराला बांधून त्यानं तो पाण्यात सोडला आणि पूर्णिमानं ते पाहिलं.

"बाबा, ते काढा! काढा ते!" ती खाली बसली. "माय गं, ते नका टाकू."

कौतिकनं दोर सोडला नाही, ओढलाही नाही. नुसता उभा राहिला.

धुरपदाबाई अजून थाळी बडवत होती. तिला बैलगाडीचं चाक दिसत होतं. थाळी थांबली तर पोर गेलं, असं काहीसं तिच्या मनानं धरलं होतं. पूर्णिमा उठून तिच्याजवळ आली, तिचा पदर धरला.

"मावशी, रोज थाळी ऐकून पळत येते का व ती तुमच्याजवळ?"

धुरपदाबाईची पळी हवेत थांबली.

"नाही," ती म्हणाली.  "बसते. जिथं असते तिथं बसते. तोंड नाही उघडत."

 मग ती एकदम ओरडली, "गप व्हा सगळे! नीलेश, तू बी गप! कोणी हाका मारू नका!"

बाग शांत झाली. तिनं थाळी खाली मातीत ठेवली.  शेडात द्यायची तशी हाक तिनं दिली.

"चला व माय, झालं... हात धुवा!"

क्षणभर काहीच नाही. मग वाळली पानं चुरचुरली. जिथून नीलेश दोनदा पळत गेला होता, तिथूनच, एका वाकलेल्या खोडाच्या मागून निशा आली. गालावर झोपेचे वळ, दोन्ही हात पुढं धरलेले, मातीनं भरलेले. गर्दीकडे बघत ती रुसून म्हणाली,

"मावशी, मले खिचडी नाही देली."

पूर्णिमानं तिला इतकं घट्ट धरलं की पोर आता रडायला लागली. कौतिकबाबानं गळ वर ओढला. त्याला शेवाळ लागलं होतं, बाकी काही नाही. तो तिथंच बांधावर बसला.

दुसऱ्या दिवशी सर आले. धुरपदाबाई त्यांच्याशी भांडली नाही. तिनं त्यांना बागेत नेलं, ते खोड दाखवलं, मग विहीर दाखवली. सर विहिरीपाशी उभे राहिले, डोकावले आणि मागं सरले.

"शेड मी उघडू शकत नाही, बाई," ते म्हणाले.

"शेड ठेवा बंद. पण माह्या ओट्यावर शेजारणीची पोरं खेळली, तर कोणता नियम मोडते?"

सरांनी चष्मा काढला. "ओट्यावर पत्रा आहे?"

"मातीचे कवेलू हाय."

असं ते सुरू झालं. आज धुरपदाबाईचा ओटा, उद्या पूर्णिमाचा, परवा आणखी कुणाचा. एक आई आळीपाळीनं घरी थांबते. पाटी नाही. शिधा मंडळ पाठवतं, तोही सर स्वतः पिशवीत घेऊन येतात, पाहुण्यासारखे. खोलीसाठी त्यांच्या खेपा चालूच आहेत. पाया खणला गेला आहे, त्यात सध्या पाणी साचलेलं असतं, आणि धुरपदाबाई त्याच्यावर फळ्या टाकून आली आहे.

भीती गेली, असं कुणी समजू नये. रस्त्यावर सरकारी जीप थांबली की ओट्यावरची बाई उभी राहते. सरांचा फोन वाजला की त्यांचा चेहरा उतरतो. पंजे कुणाचे होते, ते अजून कळलेलं नाही.

धुरपदाबाईनं नियम तेवढा बदलला. आता थाळी वाजली की बसायचं, आणि बसल्याजागी आपलं नाव जोरात ओरडायचं. गल्लीत इतका गलका होतो की कौतिकबाबा कानात बोटं घालतो.

"धुरपदे, बरी होती व तुझी पलटण! आता बाजार भरवला."

 थाळीवर पळी पडते, आणि पहिलं नाव ऐकू येईपर्यंत तिचा श्वास कोंडलेला असतो.