टीव्हीपुढं उभं केलं तेव्हा

"धर तिचा हात. टीव्हीतल्या पोरींवानी धर. आम्हाला बी बघू दे."

सुपरवायझर बोलला. जेवणाच्या सुट्टीत, भरल्या कॅन्टीनमध्ये. त्यानं मला आणि सुनंदाला ताटावरून उठवून टीव्हीपुढं उभं केलं होतं.

सणसवाडीच्या त्या कारखान्यात आम्ही पॅकिंगला होतो. दोन वर्षं एका खोलीत राहत होतो. सुनंदा केडगावकडची. मी दौंडच्या पलीकडची, मेंढरं विकून शेतीला लागलेल्या घरातली. सुपरवायझर बड्या बागायतदाराचा पुतण्या. चुलत्याच्या शब्दावर आमची कामं लागलेली. म्हणून तो वाट्टेल ते बोलायचा. आम्ही ऐकायचो.

आमच्यात जे होतं त्याला नाव असतं, हे मला माहीत नव्हतं. वाटायचं, जगात अशी मीच. बिघडलेली.

मग कॅन्टीनच्या टीव्हीवर एक परदेशी गाणं लागायला लागलं. भाषा कळत नव्हती. दोन पोरी, एकमेकींवर जीव असलेल्या. बाप एकीला घराबाहेर काढतो. शेवटी तोच दोघींना आत घेतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घास हातातच राहिला. म्हणजे आम्ही आहोत. कुणीतरी आमच्यावर गाणं केलंय.

मी रोज टीव्हीसमोरची जागा धरायला लागले. तेच सुपरवायझरनं हेरलं.

आमच्या मागं टीव्हीवर तेच गाणं चालू होतं. सगळे हसत होते. भाकरी करणारी मावशी तेवढी बोलली, "हसताय काय? त्या बापाच्या डोळ्यात पानी हाय, ते दिसंना व्हय?"

दोघातिघांनी माना खाली घातल्या. गाण्यानं एवढं केलं होतं.

सुपरवायझर माझ्याकडं बोट करून म्हणाला, "मेंढरामागची जात. हिला काय कळतंय बाई कोन आन् बाप्या कोन!"

मी सुनंदाचा हात धरला. त्यानं सांगितलं म्हणून नाही.

"धरला. माझा हिच्यावर जीव हाय. आता हसा."

सुपरवायझरनं टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी आम्हाला गेटातून आत सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी सुनंदाचा भाऊ आला. सुपरवायझरनं त्याला निरोप पोचवला होता. दंडाला धरून तिला खोलीतून ओढत नेलं. मी आडवी गेले, तर मला ढकललं. महिन्याभरात तिचं लग्न लावलं. मला कळलं तेव्हा हळद फिटली होती.

त्या दिवशी मी दोघींचं बोलले. तिला विचारलं नव्हतं. हा दोष माझा आहे, आणि तो मी कुणावर ढकलणार नाही.

गावी गेले. बापानं स्थळ काढलं होतं.

"आप्पा, मी लगीन करणार न्हाई. कुठल्याच बाप्यासंगं न्हाई."

त्यांनी काठी घेतली. आई मध्ये पडली नाही. मी रडले, पण शब्द मागं घेतला नाही.

आता शिरूरला शिवणकाम करते. एकटी राहते. बायका मापं देताना विचारतात, नवरा कुठं असतो? मी सांगते, नाही, आणि का नाही तेही सांगते. काही जणी परत येत नाहीत. न येऊ देत. तिचं नाव मी उघडं करणार नाही; सुनंदा हेही इथं बदललेलं नाव आहे. पण माझ्या स्वतःबद्दल 'तसलं काही नाही' हे शब्द माझ्या तोंडून कुणालाही मिळणार नाहीत.