ओढणारा हात

माझ्या धाकट्या भावाला मी आठ दिवस फोकेनं मारलं. मारायला त्यानंच सांगितलं होतं.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. भाऊ हैदराबादेत विमान चालवायला शिकत होता. उतारू नेणाऱ्या विमानावर नोकरी करायची, असं त्याचं ठरलेलं. मी नवऱ्याचा मार सोडून माहेरी आले होते. पिंगळी स्टेशनापासून कोसभर आमचं गाव.

तो सुट्टीवर आला तेव्हा कानामागं टेंगूळ होतं. विमान खाली उतरल्यावर शिकवणाऱ्यानं काठी हाणली होती. तो माणूस लष्करातून आलेला. म्हणाला होता, "बैलगाडी समझा क्या? अब की बार खींचा तो घर भेज दूंगा."

"काय ओढलंस तू?" मी विचारलं.

त्यानं सांगितलं. विमानाचं नाक फार वर गेलं की पंख हवा धरत नाहीत आणि विमान दगडासारखं खाली यायला लागतं. शिकवणारे मुद्दाम तसं पाडतात आणि सावरायला लावतात. मांड्यांमध्ये एक दांडा असतो. तो पुढं ढकलायचा, पडणारं नाक आणखी खाली घालायचं. वेग आला की हळूच वर घ्यायचं.

"आन् तू?"

"मी पोटाशी ओढतो. समदं कळतंय गं अक्का, पर हात ऐकंना. जमीन वर यायली दिसली की हात मागंच येतो."

कसा ऐकेल? सात वर्षांचा असल्यापासून तो गाडी हाकायचा. बैल उधळले की कासरा ओढायचा, हे त्याच्या हाडात गेलं होतं. परतल्यावर आठवड्यानं त्याची परीक्षा होती. पुन्हा ओढलं की संपलं.

"हात ऐकंना तर हाताला शिकवू," मी म्हणाले. मार खाऊन अंग कसं शिकतं ते मला सासरी कळलं होतं. "मग तूच मार," तो म्हणाला.

बैल सोडलेली गाडी अंगणात होती. तो हाकणाऱ्याच्या जागी बसला, मांड्यांमध्ये मुसळ धरलं. मी मागून लोंबकळले की जू वर जायचं, गाडी उलाळ व्हायची. मग न सांगता मी सोडून द्यायची. पुढचा भाग धाडकन जमिनीवर आदळायचा. मुसळ पोटाशी आलं की बोटांवर चिंचेची फोक.

पहिल्या दिवशी एकदाही ढकललं नाही. बोटं फुटली. दुसऱ्या दिवशी त्यांना फडकं बांधून बसला, मी फडकं सोडायला लावलं. एकदा तो तोंडावर पडला, दात ओठात घुसला. रक्त थुंकून म्हणाला, "सोड पुन्यांदा."

आबा, आमचे वडील, ओट्यावरून बघायचे. "विमान शिकवायलीस का गोऱ्हा वठणीवर आणायलीस?"

"दोन्ही एकच हाय, आबा."

सहाव्या दिवशी हात पुढं गेला. आठव्या दिवशी मी त्याच्या डोळ्यांवर धोतर बांधून पाडलं, तरी पुढंच गेला.

नवव्या दिवशी त्याला पोचवायला निघालो. कासरा त्याच्याच हातात होता. आबा आणि मी मागं. स्टेशनाअलीकडं नाल्याचा उतार आहे. तिथं इंजिनानं शिट्टी मारली आणि नवा बैल उधळला. गाडी उतारावर सुटली, पुढचा भाग खाली गेला.

भावानं दोन्ही हात पुढं ढकलले.

कासरा सैल पडला. बैलांना रान मोकळं. चाक नाल्याच्या दगडावर चढलं आणि गाडी उलटली. माझा डावा कोपर खाली सापडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. बैलाचं शिंग मुळातून तुटलं, रक्ताची चिळकांडी आबांच्या धोतरावर उडाली.

आबांनी बैल टोचायची पराणी उचलली आणि त्याला पाठीत, डोक्यात, सापडेल तिथं हाणायला लागले. "कासरा ढकलतोस? भाड्या, कासरा ढकलतोस?"

मी चिखलात पडल्या पडल्या हसले. "आबा, मारू नगा. शिकला त्यो."

आबांनी एक माझ्याही पाठीत घातली.

भाऊ रडायला लागला. "अक्का, मी न्हाई जात. तुझा हात..."

"माझा हात मोडलाय, तुझा न्हाई. जा, गाडी गाठ."

तो तसाच रक्ताच्या सदऱ्यानं स्टेशनाकडं पळाला.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. शिकवणाऱ्यानं विमान तीनदा पाडलं, तिन्ही वेळा त्यानं ढकललं. पास झाला. पुढं नोकरीही लागली.

हाडवैद्यानं बांधलेला माझा कोपर सरळ झाला नाही. भाकरी मी एका हातानं थापायला शिकले.

भाऊ सुट्टीला यायचा तेव्हा आबा त्याला गाडीत मागं, कडब्यावर बसवायचे. त्याच्या हातात पुन्हा कुणी कासरा दिला नाही. त्यानंही मागितला नाही.