पालकसभा, शनिवारी चार वाजता

लग्नानंतर मी रत्नागिरीकडून सिल्वासाला आले, तेव्हा ऐंशीचं दशक अर्धंअधिक सरलं होतं. नवरा सरकारी कचेरीत होता. मला तिथल्या मराठी शाळेत चौथीचा वर्ग मिळाला. गाव लहान होतं, पण आजूबाजूला एकामागून एक कारखाने उभे राहत होते, आणि धुळे-जळगावकडची माणसं बायकामुलं घेऊन कामाला येत होती. कुणी राखोलीला राहायचं, कुणी सामरवरणीच्या नव्या चाळींत. माझ्या वर्गात एकेका बाकावर तीन तऱ्हांची मराठी ऐकू यायची. "बाई, बस निकळून गेली," असं एखादं पोर दारात उभं राहून सांगायचं, आणि यात मराठी किती नि गुजराती किती, हे मला समजेपर्यंत ते जागेवर जाऊन बसलेलंही असायचं.

दुसऱ्या वर्षी मुख्याध्यापकांनी पालकसभेचं काम माझ्या गळ्यात घातलं. ते निवृत्तीला आलेले, शिस्तीचे, मनाने सरळ गृहस्थ होते. "तुम्ही तरुण आहात, उत्साह आहे. करा काहीतरी," म्हणाले.

मी केलं. सुंदर अक्षरात सूचना लिहिली, मुलांकडून वहीत उतरवून घेतली. बुधवारी सकाळी अकरा वाजता सभा ठेवली. कचेरीतून चाळीस खुर्च्या आणवल्या, फळ्यावर रंगीत खडूने 'सुस्वागतम्' काढलं आणि दारात उभी राहिले.

सात जण आले. सातही जण सरकारी नोकरीतले किंवा शिक्षक, इस्त्रीच्या कपड्यांतले. त्यांत मुंबईहून बदलून आलेले एक हेडक्लार्क होते, त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात होता. गणिताचे पेपर कडक तपासता का, एवढं त्यांनी विचारलं आणि घड्याळ बघितलं. तेहतीस खुर्च्या रिकाम्या. खुर्च्या उचलताना मुख्याध्यापक म्हणाले, "जाऊ द्या बाई. कारखान्यातल्या लोकांना मुलांच्या शिक्षणाचं काही पडलेलं नसतं."

मला ते खरंच वाटलं. आज लिहिताना लाज वाटते, पण वाटलं खरं.

त्यानंतर पंधरा-एक दिवसांनी माझ्या वर्गातली एक मुलगी यायची बंद झाली. सामरवरणीची होती ती. दोन घट्ट वेण्या घालायची. तोंडी हिशेबात तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. एक दिवस गेला, तीन गेले, आठवडा झाला. तिकडच्या मुलांना विचारलं तर नुसती एकमेकांकडे बघायची. शेवटी शाळा सुटल्यावर मी एकटीच सामरवरणीच्या रस्त्याला लागले.

तीन किलोमीटरची वाट. मी त्या रस्त्याने बसमधून पुष्कळदा गेले होते, चालत कधीच गेले नव्हते. रस्त्याला कडाच नव्हती. एका बाजूला चर खणलेला, दुसऱ्या बाजूला खडीचे ढीग, आणि मधून मालाचे ट्रक नि टेम्पो सुसाट. दोनदा मला चरात उतरून उभं राहावं लागलं. साडीभर धूळ घेऊन मी चाळीत पोचले.

मुलीची आई नळावर हंडा भरत होती. मला बघताच तिने हंडा तसाच ठेवला. नळाचं पाणी हंड्यावरून वाहू लागलं तरी तिला भान नव्हतं.

"काय व्हयनं बाई? पोरीनं काही केलं का?"

"काही केलं नाही हो. ती शाळेत येत नाही म्हणून आले."

तिने मला खोलीत नेलं. एकच खोली. कोपऱ्यात मुलीचे वडील रात्रपाळी करून झोपले होते, म्हणून आम्ही हळू आवाजात बोललो. मुलगी आईच्या मागे उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिच्या कोपराला खरचटल्याची खपली धरली होती.

बसून पाणी प्यायल्यावर सगळं कळलं. शाळेतून येताना एक टेम्पो अगदी अंगाला घासून गेला होता. पोरगी चरात पडली, दप्तर चाकाखाली गेलं. टेम्पो थांबलाही नाही. "आता नाही पाठवत मी," आई म्हणाली. "गुजराती शाळा इथं जवळ आहे, पण तिथं हिला समजत नाही. आपली मराठी शाळा लांब. मग घरी राहिलेली बरी. जिवंत तर राहीन पोरगी."

मी म्हटलं, "मग शाळेत येऊन सांगायचं ना. मागच्या सभेलाही आला नाहीत तुम्ही. सूचना पाठवली होती."

ती खाली बघत म्हणाली, "आले होते ना बाई मी."

"कुठे? मी तर दारातच उभी होते."

"फाटकापर्यंत आले. तुम्ही दिसल्या. आत खुर्च्या होत्या, सगळे साहेब लोक बसलेले. मला वाटलं, आपण कुठं बसावं? वाचता येत नाही, बोलता येत नाही. थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले."

आणि मला आठवलं. फाटकाजवळ एक हिरव्या लुगड्यातली बाई उभी होती. मी तिला बघितलं होतं. कुणाची तरी वाट बघत असेल, असं समजून मी पुन्हा साहेब लोकांकडे वळले होते. तीन किलोमीटर त्या रस्त्याने चालत आलेली बाई, आणि मी तिला 'या' एवढं म्हटलं नव्हतं.

मी तिच्यापुढे ते कबूल केलं. "मी तुम्हाला पाहिलं होतं. बोलवायला हवं होतं. चुकलं माझं."

तीच अवघडली. "असू द्या ना बाई," म्हणत तिने स्टोव्ह पेटवला आणि चहा ठेवला. चहा होईतो मी विचारलं की बाकीचे लोक का आले नाहीत. तिला नवल वाटलं. बुधवारी अकरा वाजता कोण येणार? पहिल्या पाळीची माणसं कामावर, रात्रपाळीची झोपलेली. "आणि शाळेतून बोलावणं आलं म्हणजे पोरानं काहीतरी केलं, एवढंच आम्हाला ठाऊक. कोण हौसेनं शिव्या खायला येईन?"

परत येताना मी त्या रस्त्यावर स्वतःशीच मोठ्याने बोलत होते, असं आठवतं.

मी मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, पुढची सभा शनिवारी चार वाजता, आणि शाळेत नाही, सामरवरणीच्या चाळीत. शनिवारी कारखाने बंद असत, आणि शाळाही सकाळचीच. ते चष्मा पुसू लागले. "चाळीत सभा? बाई, शाळेची काही शान असते."

"सर, शान राखून मुलगी शाळेतून गेली."

"जा," ते म्हणाले. मग मी दारापर्यंत पोचले तेव्हा मागून म्हणाले, "थांबा, मीही येतो."

त्या सभेला खुर्च्या नव्हत्या. चाळीच्या ओट्यावर सतरंज्या टाकल्या होत्या, त्यांवर आम्ही सगळे बसलो. मुख्याध्यापकांना मांडी घालून बसायला त्रास होत होता, कुणीतरी त्यांच्या पाठीशी उशी आणून दिली. मी वर्गातल्या सगळ्या वह्या पिशवीत भरून नेल्या होत्या. प्रत्येकाच्या हातात त्याच्या मुलाची वही दिली आणि त्या मुलाची एक चांगली गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. तुमचा मुलगा पडलेल्याला हात देतो. तुमच्या मुलीचं चित्र आम्ही भिंतीवर लावलंय. तक्रार एकही नाही. तक्रारी नंतर, बाजूला घेऊन, हे मी ठरवूनच गेले होते. एक बाप मुलाची वही उलटी धरून बराच वेळ बघत होता. मुलगा शेजारीच होता. त्याने ती सुलटी करून दिली, आणि दोघंही पुन्हा बघत राहिले.

हेडक्लार्क साहेबही आले होते, सूचना सगळ्यांनाच गेली होती ना. ते सतरंजीच्या कडेला, रुमाल पसरून बसले. रस्त्याचा विषय निघाला तेव्हा त्यांचा धीर सुटला.

"माफ करा बाई, ही पालकसभा आहे. इथं अभ्यासाचं बोलावं. रस्त्याचं गाऱ्हाणं पंचायतीत न्यावं."

त्यावर त्या मुलीची आई बोलली. पदर सावरून, समोर न बघता, पण स्वच्छ आवाजात.

"भाऊ, पोरगी शाळेपर्यंत पोचलीच नाही, तर अभ्यास कुठं करीन?"

मग तीच पुढे म्हणाली, "मी लई जासू पोरीस्ले. मीच नेते पोरींना. सोमवारी मी नेईन आणि आणीन. बाकीच्या वारांचं तुम्ही बघा."

मंगळवार तिच्या शेजारणीने घेतला. गुरुवार घेतला सूतकारखान्यात मशीनवर असलेल्या एका बापाने, रात्रपाळी संपवून तो पोरांना सोडून मग झोपणार होता. पाच मिनिटांत आठवडा भरला. सोमवारी सकाळी मी शाळेच्या फाटकाबाहेर, रस्त्यावर जाऊन उभी राहिले. एका ओळीत अठरा पोरं येत होती, पुढे ती, हातात लांब काठी आणि काठीला बांधलेलं लाल फडकं. ट्रक दिसला की ती काठी आडवी धरायची. आणि ट्रकवाले हळू व्हायचे, हो, खरंच व्हायचे. तिची मुलगी ओळीत तिसरी होती, नव्या दप्तराच्या जागी कापडी पिशवी घेऊन.

हेडक्लार्क साहेबांचं काय झालं, तेही सांगायला हवं. सभेनंतर आठवडाभराने ते एक कागद घेऊन वर्गाच्या दाराशी आले. रस्त्यावर गतिरोधक आणि 'पुढे शाळा आहे' अशी पाटी लावण्यासाठी अर्ज लिहिला होता त्यांनी, मराठीत, गुजरातीत आणि इंग्रजीत. "कुठल्या टेबलावर कागद अडतो, ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "तेवढं मी करतो. खाली सगळ्या पालकांच्या सह्या-अंगठे घ्या." पाटी लागायला चार महिने लागले, गतिरोधकाला वर्ष. दर पंधरवड्याला ते त्या कागदामागे जात राहिले. सभेतही यायचे. रुमाल पसरायचं त्यांनी कधी सोडलं ते मात्र मला कळलं नाही.

पुढे तो शनिवार रुळला. एक सभा सामरवरणीला, एक राखोलीला, एक शाळेत, अशी फिरती. सूतकारखान्यातल्या त्या बापाने साहेबाला विचारून रिकाम्या रंगीत पुठ्ठ्याच्या नळ्या पोतंभर आणल्या. दहा-दहाचे जुडगे बांधून त्यांवर मी दशक-शतक शिकवलं, तोही मागे बसून ऐकायचा. दुधनीच्या धरणाकाठच्या एका आजोबांनी मुलांना मासेमारीचं जाळं विणून दाखवलं, त्यात किती घरं पडतात ते मुलांनी मोजलं. संक्रांतीला बायकांनी शाळेच्या पटांगणात चुली मांडून कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी आणि ठेचा केला. मुख्याध्यापकांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते ठेच्याचं, असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले. निवृत्त होताना भाषणात त्यांनी इतकंच म्हटलं, की पस्तीस वर्षं मी मुलांना ओळखत होतो, शेवटची काही वर्षं मला त्यांची घरं ओळखीची झाली.

सगळं गोड झालं असंही नाही. काही मुलं कारखाना बंद पडला म्हणून अर्ध्या वर्षातच गावी गेली. एका मुलीचं सातवीनंतर लग्न ठरलं. आम्ही चार जण तिच्या घरी जाऊन दोन तास बसलो, तरी ते मोडलं नाही. तिची आई सभेला नेहमी यायची. त्यानंतर आली नाही.

वेण्यांवाली मुलगी मात्र शिकत राहिली. दहावीला बसली, पास झाली, आणि तिच्या आईने सबंध चाळीत पेढे वाटले.

माझ्या आठवणीतली सगळ्यांत ठसठशीत सभा मात्र त्यानंतरची आहे. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. नवऱ्याची बदली ठरली होती, दोन महिन्यांत आम्हाला जायचं होतं, आणि माझ्यामागे या सभेचं काय होणार या काळजीने माझी झोप उडाली होती. त्या शनिवारी मला ताप होता. सभा रद्द करायचा निरोप पाठवावा तर कुणाबरोबर, म्हणून औषध घेऊन मी तशीच निघाले. बस उशिरा आली. सामरवरणीला पोचायला पाच वाजले. वाटेत वाटत होतं, लोक वाट बघून गेले असतील.

ओट्यावर पन्नासेक माणसं बसली होती. वेण्यांवालीची आई मध्ये बसून बोलत होती. तिच्या धाकट्या मुलामुळे ती अजून आमची पालक होती. पावसाळ्यात वर्ग गळतो, त्याचं काय करायचं, हे चाललं होतं. हेडक्लार्क साहेबांचा मुलगा केव्हाच शाळेतून बाहेर पडला होता, तरी ते मांडीवर पॅड घेऊन मुद्दे लिहीत होते. एक नवा, गावाहून नुकताच आलेला बाप दबकत पायरीशी उभा होता. त्याला तिने बोलता बोलताच हाताने बोलावून पुढे बसवलं.

मी मागे उभी होते. कुणाचं लक्षच नव्हतं. क्षणभर मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग तिची नजर माझ्याकडे गेली.

"या बाई, बसा," ती म्हणाली. "तुमचा विषय तिसरा आहे, अभ्यासाचा."

बायकांनी सरकून जागा केली. मी बसले, आणि माझा विषय येईपर्यंत गप्प बसून ऐकत राहिले.